एका गावाचे तीन आकडे: भूजलाच्या कामात शासकीय यंत्रणांचा समन्वय कोठून सुरू करावा

जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागातील एका कनिष्ठ अभियंत्यांनी विचारलेला प्रश्न असा आहे: त्यांच्या तालुक्यातील एकाच गावाच्या भूजल पातळीचे तीन कार्यालयांकडून तीन वेगळे आकडे येतात. टंचाईच्या बैठकीत प्रत्येक जण आपलाच आकडा धरून बसतो. समन्वय समिती आहे, तिच्या बैठका होतात, इतिवृत्तेही निघतात, तरी पुढच्या वर्षी वाद तोच. अशा स्थितीत यंत्रणांमधील समन्वय प्रत्यक्षात कसा घडवावा आणि सुरुवात कोठून करावी?

मी भूवैज्ञानिक म्हणून बरीच वर्षे काळ्या खडकाच्या जिल्ह्यांत आणि काही काळ तापीच्या गाळाच्या पट्ट्यात काम केले आहे. अशा समित्यांमध्ये सदस्य म्हणून बसलो आणि काही समित्यांचा सदस्य सचिव म्हणून इतिवृत्तेही लिहिली. त्या अनुभवावरून सांगतो की, समन्वय जेथे टिकला तेथे संबंधित कार्यालयांनी आधी एकच विहीर, त्या विहिरीवरची एकच खूण आणि मोजणीची एकच तारीख मान्य केलेली होती. जेथे हे झाले नव्हते, तेथे समितीचे अध्यक्ष कितीही कार्यक्षम असले तरी दोन-तीन बैठकांनंतर उपस्थिती रोडावली.

आपल्यासारखाच प्रसंग एका तालुक्यात माझ्यासमोर आला होता. ओढ्याकाठची जुनी, दगडी बांधकामाची विहीर. एका कार्यालयाच्या नोंदवहीत त्या ऑक्टोबरची पातळी ९.४० मीटर होती आणि दुसऱ्या कार्यालयाच्या नोंदवहीत ८.६५ मीटर. दोन्ही कार्यालयांच्या कर्मचाऱ्यांना मी एकाच सकाळी विहिरीवर बोलावले. पहिल्याने पोलादी टेपच्या टोकाला खडू लावला, टेप कठड्याच्या वरच्या कडेवरून आत सोडली, वर ओढून खडू कोठपर्यंत भिजला ते पाहिले आणि आलेला आकडा तसाच लिहिला. दुसऱ्यानेही त्याच पद्धतीने मोजले, त्यालाही तोच आकडा मिळाला. पण त्याने कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहिली. कठडा पाऊण मीटर उंच होता. वर्षानुवर्षे चाललेल्या मतभेदाचे कारण एवढेच होते. दोघेही कर्मचारी प्रामाणिक होते, दोघांच्याही नोंदी नियमित होत्या, आणि दोन्ही कार्यालयांत ते आकडे वरपर्यंत सह्या होऊन गेले होते.

पाऊण मीटरने काय बिघडते, असे कोणी विचारील, म्हणून हिशोब मांडतो. कुजलेल्या, भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये पाणी साठवण्याची जागा फार थोडी असते. भूजल मूल्यांकनात, म्हणजे पाणी किती मुरते आणि किती उपसले जाते याच्या शासकीय हिशोबात, तिचे प्रमाण साधारणपणे दोन टक्के धरतात. दहा चौरस किलोमीटरच्या शिवारात पातळीत ०.७५ मीटर फरक धरला, तर पाण्याचा फरक दीड लाख घनमीटर, म्हणजे १५० टीसीएम (हजार घनमीटर) येतो. दोन हजार लोकवस्तीच्या गावाला माणशी रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाला सुमारे ४० टीसीएम लागतात. म्हणजे कठडा वजा केला की नाही, एवढ्यावर गावाच्या साडेतीन वर्षांहून अधिक काळाच्या पिण्याच्या पाण्याचा हिशोब इकडचा तिकडे होतो. टँकर द्यायचा की नाही हे ज्या बैठकीत ठरते, तेथे ही चूक क्षुल्लक राहत नाही.

आपल्याकडचा तिसरा आकडा बहुधा पिण्याच्या पाण्याच्या विंधण विहिरीचा असेल. तसा असेल तर तो पहिल्या दोघांशी जुळणारच नाही आणि जुळवण्याचा प्रयत्नही करू नये. आपल्या राज्याचा चार पंचमांशांहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे, आणि हा खडक म्हणजे लाव्हाचे एकावर एक रचलेले थर आहेत. वरचा मुरूम आणि त्याखालचा मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट, यांत साठलेले पाणी साध्या विहिरीत उतरते. त्याखाली काळा पाषाण लागतो, आणि मग एखाद्या खालच्या थराच्या सांध्यात पुन्हा पाणी लागते. बोअरमध्ये येते ते बहुधा हे पाणी. दोन्ही जलधरांचा, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचा, दाब वेगळा आणि पुनर्भरणाचा वेगही वेगळा. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरलेली आणि शेजारच्या बोअरची पातळी वीस मीटर खाली, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. आणखी घोळ तेथे होतो, जेथे निरीक्षणासाठी घेतलेल्या बोअरमध्ये वरच्या थराला पाइप घालून तो बंद केलेला नसतो. मग त्या बोअरमध्ये दोन्ही थरांचे पाणी मिसळते आणि मिळणारी पातळी कोणत्याच जलधराची नसते. म्हणून कोणत्याही आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात असा माझा आग्रह राहिला आहे: पातळी कोठून मोजली, विहिरीची खोली किती, आणि पाणी कोणत्या थराचे आहे. हे तीन रकाने भरले की निम्मे वाद आपोआप मिटतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो. भूजलाच्या कामात कोणाकडे काय आहे, हे आधी पाहावे लागते. केंद्रीय भूमिजल मंडळ १९७० मध्ये, शोधकूपनलिकांचे काम करणाऱ्या जुन्या संघटनेचे नामांतर होऊन अस्तित्वात आले, आणि १९७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूजलाचा विभाग त्यात विलीन झाला. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच दुष्काळी वर्षांच्या आसपासची. दोन्ही संस्थांचा जन्म पाणी शोधण्यासाठी आणि विहिरी घेण्यासाठी झाला. उपशावर नियंत्रण ठेवणे हे काम त्यांच्याकडे पुष्कळ उशिरा आले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्रीय भूजल प्राधिकरण १९९७ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्थापन झाले. राज्यात १९९३ चा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून अमलात येऊन महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारी आली.

या इतिहासाचा परिणाम असा झाला की, माहिती आणि अधिकार वेगवेगळ्या दारांत उभे आहेत. पातळी मोजणाऱ्या यंत्रणेला कोणाचा पंप थांबवता येत नाही. टंचाई जाहीर करण्याचा आणि विहीर अधिग्रहित करण्याचा अधिकार महसूल प्रशासनाकडे आहे, पण त्यांच्याकडे स्वतःचे मोजमाप नाही. किती पंप चालतात हे वीज कंपनीला कळते. विहीर कोणत्या गटात आहे हे सातबाऱ्यावर तलाठ्याने लिहिलेले असते. पीक कोणते आहे हे कृषी विभाग जाणतो. शेततळे, बंधारे, गाळ काढणे ही कामे मृद व जलसंधारण विभागाची, नळयोजना जिल्हा परिषदेची किंवा जीवन प्राधिकरणाची, आणि धरणातून कालव्याला किती पाणी सुटले ही नोंद जलसंपदा विभागाची. खडकातले पाणी मात्र एकच असते. कालव्यातून पाझरलेले पाणी विहिरीत येते, विहिरीतले पिकाला जाते, आणि त्यातले काही पुन्हा मुरते.

क्षेत्राची एककेही जुळत नाहीत. भूजल यंत्रणा राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभाजन करून काम करते. प्रशासन तालुक्याने आणि गावाने चालते, वीज फीडरने, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीने, आणि सिंचन लाभक्षेत्राने. मूल्यांकन पाणलोटावर होते आणि निकाल तालुकावार छापला जातो. मधल्या विभागणीत एखाद्या अतिशोषित, म्हणजे उपलब्ध पाण्याहून जास्त उपसा असलेल्या, पाणलोटाचा दोष दोन तालुक्यांत वाटला जाऊन दोन्ही तालुके कागदावर सुरक्षित दिसू शकतात. आपला तालुका ‘सुरक्षित’ आहे आणि तरी चार गावांना एप्रिलपासून टँकर लागतो, अशी तक्रार मला दर वर्षी ऐकावी लागे. तिचे उत्तर बहुधा याच विभागणीत सापडते.

तारखांचेही तसेच आहे. राज्याची यंत्रणा आपल्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास मोजते. केंद्रीय मंडळाच्या फेऱ्या जानेवारी, उन्हाळा, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा असतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांमधले दिवस परतीच्या पावसाचे आणि रब्बीच्या पहिल्या पाण्याचे असतात, आणि या काळात एखादी विहीर दोन मीटरही वरखाली होऊ शकते. दोन्ही आकडे बरोबर असूनही त्यांची तुलना चुकीची ठरते. राज्यात ऑक्टोबरच्या पातळीची मागील पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून संभाव्य टंचाईची गावे ठरवतात. पाऊस सरासरीपेक्षा वीस टक्क्यांहून कमी आणि पातळी तीन मीटरहून अधिक खाली, तर ऑक्टोबरपासूनच टंचाई. दोन ते तीन मीटर खाली, तर जानेवारीपासून. एक ते दोन मीटर खाली, तर एप्रिलपासून. या निकषात एका मीटरवर तीन महिने अवलंबून आहेत. तेथे कोणी नोव्हेंबरचा आकडा घेऊन बसला, तर वाद होणारच.

इतके सगळे विखुरलेले असूनही एका ठिकाणी केंद्र आणि राज्य यांचा समन्वय अनेक दशके चालत आला आहे, आणि तो मला फार बोलका वाटतो. ते ठिकाण म्हणजे भूजल मूल्यांकन. १९८४, १९९७ आणि २०१५ अशा तीन समित्यांनी त्याची कार्यपद्धती ठरवली आणि ती सुधारत नेली. उपसा उपलब्ध पाण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० पर्यंत अंशतः शोषित, ९० ते १०० पर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित, ही वर्गवारी देशभर एकच आहे. केंद्रीय मंडळ आणि राज्याची यंत्रणा हे काम संयुक्तपणे करतात, राज्यस्तरीय समिती ते मान्य करते, आणि २०२२ पासून ते दर वर्षी होऊ लागले आहे. आकडेमोडीसाठी हैदराबादच्या आयआयटीच्या साहाय्याने तयार झालेली एकच संगणकीय प्रणाली वापरतात. २०२३ च्या मूल्यांकनात देशाचा वार्षिक भूजल उपसा सुमारे २४१ अब्ज घनमीटर आणि उपशाची पातळी ५९ टक्क्यांच्या आसपास आली. हा आकडा दोन्ही संस्थांचा असतो, त्यामुळे बैठकीत त्याला आव्हान देणारे सहसा कोणी उरत नाही. येथे समन्वय चालतो, कारण पद्धत आधी लिहून ठेवलेली आहे, मुदत बांधलेली आहे आणि दोघांनाही त्याच कागदावर सही करावी लागते. दोन कार्यालयांतील अधिकाऱ्यांचे आपसांत पटत नसतानाही हे काम वेळेत पुरे झाल्याचे मी पाहिले आहे. चांगल्या पद्धतीची हीच ताकद असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय भूजल निरीक्षण जाळ्याचा आराखडा २००९ मध्ये झाला, त्यातही मला याच विचाराचा धागा दिसला. तेथे प्रत्येक राज्याच्या विहिरी आणि माहिती त्या त्या राज्याकडेच राहिल्या. केंद्र आणि राज्ये यांच्या संयुक्त समितीने विहिरी निवडण्याचे आणि नोंदीचे किमान निकष ठरवले, आणि केंद्राच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने प्रत्येकाच्या नोंदी त्यांच्या मूळ ठिकाणाहून एका सामाईक संकेतस्थळावर दिसतील अशी व्यवस्था केली. आधी काही राज्यांत प्रायोगिक काम करून मगच ते पुढे नेले. ‘तुमचा डेटा आमच्याकडे जमा करा’ असे पत्र कोणत्याही कार्यालयाला आवडत नाही. ‘तुमचा डेटा तुमच्याकडेच ठेवा, फक्त या रकान्यांत ठेवा’ असे म्हटले की माणसे तयार होतात. आपल्याकडे १९९५ पासून जलविज्ञान प्रकल्पाच्या टप्प्यांत याच दिशेने काम झाले: पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजण्यासाठीच्या खास विंधण विहिरी, घेतले गेले, स्वयंचलित पातळीमापक बसवले गेले आणि भूपृष्ठावरील पाणी व भूजल यांच्या नोंदींसाठी संगणकीय प्रणाली आल्या. २०१६ पासूनचा राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प हा त्याचाच पुढचा भाग. यंत्रे बसवणे मात्र सोपे असते. बॅटरी कोणी बदलायची हे आदेशात लिहिलेले नसेल, तर दोन वर्षांत ते यंत्र निकामी होते.

आता ज्या माहितीवाचून हे सगळे अपुरे राहते, त्या उपशाच्या माहितीविषयी थोडे अधिक लिहितो. पातळी आपण मोजतो, पाऊस मोजतो. उपसा मात्र अंदाजाने धरतो. एखाद्या भागात विहिरी किती आणि एका विहिरीचा वार्षिक सरासरी उपसा किती, यांचा गुणाकार करून उपसा काढतात. विहिरींची संख्या लघुसिंचन गणनेतून किंवा महसुली नोंदीतून येते, आणि या दोन्हींत आठ वर्षांपूर्वी कोरडी पडलेली विहीर चालू असते, तर गेल्या उन्हाळ्यात रात्रीतून झालेले तीन बोअर नसतात. बोअरची गाडी संध्याकाळी गावात येते, पहाटेपर्यंत सात-आठशे फूट जाते आणि उजाडण्यापूर्वी दुसऱ्या गावाला निघते. भूजल अधिनियमात खोदयंत्रांच्या नोंदणीची तरतूद आहे, ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास प्रतिबंध आहे. पण गाडी आली हे कळते गावच्या तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला. तिची नोंदणी तपासायची कोणी, आणि तिने किती खोल खोदले हे भूवैज्ञानिकाला कळवायचे कोणी, याची साखळी बहुतेक ठिकाणी जोडलेलीच नाही.

वीज मात्र सगळे सांगते. एक घनमीटर पाणी ३० मीटरवरून वर आणायला, पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर साधारण ०.२ युनिट लागते. म्हणजे एका युनिटमध्ये सुमारे पाच हजार लिटर पाणी वर येते. तेच ९० मीटरवरून आणायचे असेल तर एका युनिटमध्ये सोळाशे-सतराशे लिटरच येते. शेतीच्या स्वतंत्र फीडरची उपकेंद्रावरील मासिक नोंद मिळाली, त्या फीडरवर पंप किती आणि पाणी सरासरी किती खोलीवर आहे हे माहीत असले, तर पाणलोटातील उपसा गणनेपेक्षा कितीतरी भरवशाचा काढता येतो. मी एका उपविभागात हा प्रयोग केला. फीडरची हद्द पाणलोटाशी जुळत नव्हती, म्हणून वायरमनला सोबत घेऊन प्रत्येक रोहित्राची जागा नकाशावर टिपली. चार दिवस लागले. त्या वायरमनला कोणत्या रोहित्रावर तारेला टाकलेले किती चोरटे आकडे आहेत, कोणाची विहीर फेब्रुवारीत आटते आणि कोण मेपर्यंत ऊस धरतो, हे तोंडपाठ होते. माझ्या नोंदवह्यांत नसलेली माहिती त्यांच्याकडे होती, आणि आजवर ती त्यांना कोणी विचारलेली नव्हती.

हे काम आता लवकर करायला हवे, असे मला मनापासून वाटते. राज्यात कृषिपंपांचे ४५ लाखांच्या घरात ग्राहक आहेत. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे, आणि सौर पंप झपाट्याने वाढत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही न्याय्य गोष्ट आहे आणि तिला माझा विरोध नाही. पण पंप सूर्यावर चालू लागला की फीडरवरची नोंद संपते. सुदैवाने योजनांतील सौर पंपांच्या नियंत्रकात दूरस्थ निरीक्षणाची सोय असते. पंप किती तास चालला हे कोठे ना कोठे नोंदले जाते. ही माहिती पाणलोटनिहाय बेरीज करून, कोणाचेही नाव न देता, भूजल यंत्रणेला दर महिन्याला मिळावी, असा करार आजच झाला पाहिजे. तसेच २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत गटनिहाय पीक आणि सिंचनाचे साधन नोंदले जाते. वीज आणि पीक या दोन बाजूंनी उपसा काढला आणि दोन्ही आकडे जवळपास आले, तर तो आकडा कोणत्याही बैठकीत टिकतो.

जलगुणवत्तेचा भाग आवश्यक असला तरी येथे थोडक्यातच सांगतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडचा फ्लोराइड असो किंवा पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा असो, नमुने घेणारी कार्यालये अनेक आणि स्रोताचे सांकेतिक क्रमांक वेगवेगळे, हीच अडचण आहे. स्रोताला एकच क्रमांक दिला की ती बहुतांशी सुटते.

ज्या भागात जलधर प्रशासकीय हद्द ओलांडतो, तेथे समन्वय अधिक अवघड होतो. जळगाव जिल्ह्यातील यावल आणि रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला तापीचा जाड गाळ. केळीसाठी तेथे दशकानुदशके उपसा होत आला आहे. पायथ्याशी मुरलेले पाणी खालच्या गाळाला मिळते, म्हणून पुनर्भरणाचे काम एका खात्याच्या हद्दीत आणि त्याचा लाभ दुसऱ्या गावांना, असे तेथे घडते. हाच पट्टा पुढे मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडे जातो. मे २०२५ मध्ये दोन्ही राज्यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. कामे सुरू होण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या निरीक्षण विहिरींचे मोजबिंदू आणि तारखा एक व्हाव्यात, ही माझी तळमळीची सूचना आहे. काम झाल्यावर पाणी किती वाढले हे सांगायला आधीची नोंद लागते, आणि ती मागे जाऊन करता येत नाही. जलयुक्त शिवार अभियानात २०१४ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अनेक खात्यांची कामे एका आराखड्यात आली, ही मोठी गोष्ट होती. तरी पुढे परिणामांवर जो वाद झाला, त्याचे एक कारण हेच होते की, पुष्कळ गावांत कामाआधीची विश्वासार्ह पातळी नोंदलेली नव्हती.

अटल भूजल योजनेत ही उणीव काहीशी भरून काढण्याचा प्रयत्न झाला. २०२० पासून देशातील सात राज्यांत सुरू झालेल्या या सहा हजार कोटींच्या योजनेत आपल्या राज्यातील १३ जिल्हे, ४३ तालुके आणि १,४४३ गावे होती. निधीचे हप्ते काही निष्पत्तींशी बांधलेले होते, आणि त्यांत भूजलाची माहिती गावात जाहीर करणे ही पहिली होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाऊस, पातळी आणि पाण्याचा ताळेबंद रंगवला गेला. भिंतीवर आकडा आला की कार्यालये जागी होतात. एका गावात भिंतीवरची पातळी चुकीची असल्याचे ज्यांच्या विहिरीची ती नोंद होती त्या आजींनीच सरपंचांना सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही फेरमोजणी केली. हिवरे बाजारनेही पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पीक ठरवण्याची आणि शेतीसाठी बोअर न घेण्याची शिस्त अनेक वर्षे पाळली आहे. तेथे गावाने आकडा आपला मानला, म्हणून खात्यांनाही एका आकड्यावर यावे लागले.

आता आपल्या तालुक्यात काय करता येईल ते सांगतो. समितीची पुढची बैठक बोलावू नका. त्याऐवजी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातील एक दिवस ठरवून घ्या आणि ज्या पाणलोटात वाद आहे तेथील पाच-सहा विहिरींवर भूजल यंत्रणेचे कनिष्ठ भूवैज्ञानिक, आपण स्वतः, कृषी सहायक, तलाठी आणि त्या भागाचे वायरमन यांना एकत्र न्या. केंद्रीय मंडळाची विहीर त्या भागात असेल, तर त्यांच्या कार्यालयालाही महिनाभर आधी पत्र द्या. वेळेत पत्र मिळाले तर ते लोक येतात, असा माझा अनुभव आहे. पंप किमान रात्रभर बंद राहील हे शेतकऱ्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि सकाळी लवकर मोजा. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर मोजबिंदूची खूण तेलरंगाने करा, शेजारी विहिरीचा एकच क्रमांक लिहा आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची नोंदवहीच्या पहिल्या पानावर चढवा. त्या दिवशीच्या नोंदीवर सर्वांच्या सह्या घ्या आणि तिची प्रत प्रत्येकाच्या कार्यालयात त्याच आठवड्यात जाईल असे पाहा. नोव्हेंबरची आणि जानेवारीची मोजणी कोणी करायची, तो माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण, हेही त्याच कागदावर लिहा.

वीज कंपनीच्या उपविभागीय अभियंत्यांना वेगळे भेटा आणि एकाच फीडरची गेल्या तीन वर्षांची मासिक नोंद मागा. संपूर्ण तालुक्याची मागितली तर प्रकरण वर जाईल आणि अडकेल. एका फीडरची मिळाली की उपशाचा हिशोब करून तो त्यांनाच आधी दाखवा. पाणी खोल गेल्याने पंपांवरचा भार कसा वाढतो हे त्यांना त्यात दिसते, आणि रोहित्रे का जळतात याचेही एक उत्तर मिळते. त्यानंतर दुसऱ्या फीडरची नोंद मिळायला सहसा अडचण येत नाही.

टंचाईच्या बैठकीत हीच सह्यांची नोंद मांडा, आणि बोअरचा आकडा स्वतंत्र रकान्यात, थराच्या उल्लेखासह ठेवा. पहिल्या वर्षी कोणी तरी जुनी वही काढून दाखवील. तेव्हा त्यांना घेऊन पुन्हा त्याच विहिरीवर जा, टेप त्यांच्याच हातात द्या आणि रंगवलेल्या खुणेपासून मोजायला सांगा.